माधवरावांचे दुखणे आणि आपले पोट

पावसाळ्यात गोदावरी दुथडी भरून वाहू लागली की पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांचे डोळे पाण्याकडे लागतात. याच नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या बीड जिल्ह्यात, राक्षसभुवन नावाचे गाव आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे निजामअली आणि मराठे यांच्यात मोठी लढाई झाली. नदीला पूर होता. निजाम काही फौज घेऊन पलीकडच्या तीरावर गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकला होता. मराठ्यांनी त्याला तिथेच गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पैलतीरावरून पाहत राहण्यापलीकडे निजामाला काही करता आले नाही.

मराठ्यांचा पेशवा त्या दिवशी १८ वर्षांचा होता. त्याचे नाव माधवराव. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, पुण्याजवळच्या थेऊर गावी त्याचा अंत झाला. वय २७. इतिहासाच्या पुस्तकांत या मृत्यूचे कारण एका शब्दात दिलेले असते: राजयक्ष्मा, म्हणजे क्षय. अखेरच्या काळात हा क्षय आतड्यांत उतरला होता, असे सांगितले जाते.

आरोग्याच्या सदरात पेशव्यांची आठवण कशासाठी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. पोटाचे दुखणे अंगावर काढण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. शौचावाटे रक्त पडले तर मूळव्याध समजून गप्प बसायचे, भूक मेली तर पित्त म्हणायचे आणि वजन उतरले तर कामाचा ताण म्हणायचे, हे घरोघरी चालते. माधवरावांकडे राज्य होते, वैद्य होते, सेवेला माणसे होती. पण त्या काळी आजाराचे मूळ शोधायला आणि ते उपटायला काही साधनच नव्हते. आज ते साधन तालुक्याच्या गावापर्यंत आले आहे. तरी आपण उशीर करतो. म्हणून हे आयुष्य एकदा आजाराच्या बाजूनेही वाचले पाहिजे.

सोळाव्या वर्षी दौलत

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मध्ये कर्नाटकातील सावनूर येथे झाला. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते दुसरे अपत्य. थोरले बंधू विश्वासराव हेच पुढे पेशवे होणार, असे सगळे धरून चालले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष परत आला नाही. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांचे निधन झाले.

अशा वेळी पेशवाईची वस्त्रे १६ वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर आली. खजिना रिकामा, कर्ज डोक्यावर, उत्तरेत वचक संपलेला, दक्षिणेत हैदरअली वाढत चाललेला आणि निजाम तर दाराशीच. घरात चुलते रघुनाथराव होते. शूर खरे, पण कारभार आपल्याच हाती असावा ही त्यांची इच्छा काही सुटली नाही. १७६२ च्या अखेरीस काका-पुतण्यांत लढाईच झाली. आळेगावजवळ माधवरावांचा पाडाव झाला, तेव्हा दौलतीची दोन शकले होऊ नयेत म्हणून ते स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला तेच काका शत्रूच्या वेढ्यात सापडले. तेव्हा त्यांच्या मदतीला धावून जाणाराही हाच पुतण्या होता.

राक्षसभुवननंतर औरंगाबादला तह झाला आणि कारभार हळूहळू माधवरावांच्या हाती आला. त्यांनी तो कसा केला, हे महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. वेठबिगारीला त्यांनी आळा घातला. न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा माणूस होता आणि त्याचे ऐकणारा राज्यकर्ताही होता. रामशास्त्रींची एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. तरुण पेशवे एकदा जपध्यानात इतके रमले की कामासाठी आलेल्या शास्त्रीबुवांना ताटकळत राहावे लागले. शास्त्रीबुवांनी दुसऱ्या दिवशी काशीला जाण्याची परवानगी मागितली आणि राज्याची जबाबदारी घेतलेल्याने आधी प्रजेची कामे पाहावीत, ते जमत नसेल तर गादी सोडून जप करावा, असे तोंडावर सुनावले. माधवरावांनी राग धरला नाही. चूक मान्य केली आणि वागणे बदलले.

जाणकार माणसाने वेळेवर दिलेली सूचना ऐकून घेणे, हा त्यांचा मोठा गुण. पण शरीराने दिलेली सूचना उलगडून सांगणारा जाणकार त्या काळात कुठेच नव्हता, पुण्यात नव्हता आणि लंडन-पॅरिसलाही नव्हता.

मोहिमा आणि दुखणे

अकरा वर्षांच्या कारकिर्दीतला मोठा भाग माधवरावांनी घोड्यावर आणि तंबूत काढला. हैदरअलीवर १७६४-६५ मध्ये एक मोहीम झाली, १७६७ मध्ये दुसरी. १७६८ च्या जूनमध्ये धोडपच्या लढाईत रघुनाथरावांचा बंदोबस्त करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १७६९ मध्ये नागपूरकर जानोजी भोसल्यांशी कनकापूरचा तह झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस माधवराव हैदरवर तिसऱ्यांदा निघाले.

या मोहिमेत दुखणे बळावले. १७७० च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना फौज त्रिंबकराव पेठे यांच्या हाती सोपवून पुण्याला परतावे लागले. थोडे बरे वाटताच पुन्हा मोहिमेवर निघण्याचा प्रयत्न झाला. पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि वाटेतूनच मागे फिरावे लागले. १७७१ च्या मार्चमध्ये श्रीरंगपट्टणजवळ मोती तलावाच्या लढाईत त्रिंबकरावांनी हैदरचा मोठा पराभव केला. ती फौज तयार करणारा पेशवा मात्र रणांगणावर नव्हता.

तिकडे उत्तरेत महादजी शिंदे, विसाजी कृष्ण आणि इतर सरदारांनी पानिपतापूर्वीचा दबदबा पुन्हा उभा केला. १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणात दिल्लीत परतला. पानिपताला अकरा वर्षे झाली होती. हे दिवस पाहण्यासाठी ज्याने एवढा खटाटोप केला, तो तेव्हा दिवसेंदिवस खंगत चालला होता.

क्षयाला आपल्याकडे राजयक्ष्मा हे नाव फार जुने आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याची लक्षणे बारकाईने दिली आहेत: ताप, खोकला, अन्नावरची वासना उडणे, अंग वाळत जाणे, कधी जुलाब. वैद्यांना रोग ओळखता येत होता. पथ्य, विश्रांती, हवापालट आणि औषधी यांनी रोग्याला थोडा आराम देता येत होता. पण रोग कशाने होतो हे ठाऊक नसल्यामुळे त्याच्या मुळाशी हात पोहोचत नव्हता.

थेऊरचा मुक्काम

पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या काठी थेऊर आहे. तिथला चिंतामणी अष्टविनायकांपैकी एक. माधवरावांची या देवावर मोठी श्रद्धा होती. प्रकृती ढासळत गेली तसा त्यांचा मुक्काम थेऊरलाच वाढत गेला. शेवटचे दिवसही त्यांनी देवळाच्या आवारातच काढले. पोटातल्या वेदना असह्य होत असत, अन्न जात नव्हते आणि शरीर हाडांवर आले होते, असे त्या दिवसांचे वर्णन केले जाते.

तशा अवस्थेतही कारभार सुटला नाही. ३० सप्टेंबर १७७२ रोजी त्यांनी नऊ कलमांचे मृत्युपत्र करून ठेवले. आपल्यामागे दौलतीवर कर्ज राहू नये, याची काळजी त्यात होती. नजरकैदेतल्या रघुनाथरावांशी समेट केला आणि धाकट्या नारायणरावांना त्यांच्या हाती सोपवले. १८ नोव्हेंबरच्या सकाळी प्राण गेला. पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांची समाधी आजही थेऊरला नदीकाठी आहे. दोघांना मूलबाळ नव्हते.

पुढचे नऊ महिने आणि काही दिवस नारायणराव पेशवे होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर जी यादवी माजली, तिच्यात इंग्रजांना हात घालायला जागा मिळाली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने पानिपतच्या पराभवापेक्षाही या तरुण पेशव्याचा अकाली मृत्यू मराठी राज्याला अधिक घातक ठरल्याचा अभिप्राय दिला आहे. एका माणसाचे दुखणे घरादाराला कुठे नेते, हे आपण आपापल्या गावात पाहतो. इथे ते सगळ्या राज्याच्या वाट्याला आले.

तेव्हा काय माहीत नव्हते

माधवराव पेशवे झाले त्याच १७६१ साली व्हिएन्नात लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरने एक छोटा ग्रंथ छापला. रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून येणाऱ्या आवाजावरून आत पाणी साचले आहे की काय, हे कसे ओळखावे, ते त्यात होते. युरोपातल्या डॉक्टरांनीही त्याकडे बरीच वर्षे लक्ष दिले नाही. छातीला लावायची नळी, म्हणजे पहिला स्टेथोस्कोप, १८१६ मध्ये फ्रान्समध्ये रेने लेनेकने केला. पुढे त्याचा स्वतःचा मृत्यूही क्षयानेच झाला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला. क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले. क्षयाच्या जंतूला मारणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये मिळाले. माधवराव जाऊन तोपर्यंत १७१ वर्षे झाली होती.

म्हणून थेऊरच्या त्या खोलीत जे झाले त्याचा दोष कोणाच्या माथी मारता येत नाही. पेशव्यांनी हयगय केली असती किंवा नसती, रोगाचा शेवट बहुधा तोच झाला असता. आपली गोष्ट वेगळी आहे. आज तशाच तक्रारी घेऊन एखादा २७ वर्षांचा शेतकरी वेळेवर दवाखान्यात आला, तर बहुतेक वेळा तो औषधाने बरा होऊन पुन्हा शेतात उभा राहतो.

आतड्यांचा क्षय

क्षय म्हटले की आपल्यासमोर खोकला येतो. पण हा जंतू पोटातही घर करतो. फुप्फुसातला बेडका गिळला गेल्याने, रक्तातून किंवा क्षयग्रस्त जनावराचे न तापवलेले दूध प्यायल्याने तो आतड्यांपर्यंत पोहोचतो. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, ती त्याची आवडती जागा. तिथे आधी जखमा होतात. मग त्या भरताना आतडे आकसते. अन्न पुढे सरकेना की जेवणानंतर पोटात कळ येते, गुडगुड होते, पोट फुगते, कधी उलटी होते. काही जणांना जुलाब, काहींना बद्धकोष्ठ, काहींना आलटून पालटून दोन्ही. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक नाही, वजन उतरते. काहींच्या पोटात पाणी साचते. क्वचित शौचावाटे रक्तही जाते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. पोटाचा क्षय असलेल्या अनेकांना खोकला नसतो. बेडक्यात जंतू सापडत नाही आणि छातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून एक्स-रे चांगला आला की क्षय नाहीच, असे आपणच ठरवू नये. सोनोग्राफी, गरजेनुसार सीटी स्कॅन, दुर्बिणीने आतड्याची तपासणी आणि तिथला छोटा तुकडा काढून केलेली चाचणी, यांतून निदान पक्के होते. आतड्याचा कर्करोग आणि क्रोन नावाचा आतड्याच्या दाहाचा आजार यांची लक्षणे क्षयासारखीच दिसतात आणि तिघांची औषधे वेगळी. त्यामुळे अंदाजाने गोळ्या सुरू करण्यापेक्षा तपासणी आधी.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बहुतेकांना सहा महिने घ्यावी लागतात. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. आपल्या जिल्ह्यात एक अडचण खास आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोयता हातात आला की दुखणे मागे पडते. सुरू असलेल्या गोळ्याही मध्येच सुटतात. तसे करू नये. निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे. उपचाराची नोंद तुम्ही जाल तिथल्या केंद्राकडे पाठवता येते आणि औषध तिथे चालू राहते. थोडे बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

रक्त पडले म्हणजे मूळव्याधच का?

परसाकडे गेल्यावर रक्त दिसले की पहिला शब्द तोंडात येतो तो मूळव्याध. पुष्कळदा ते खरेही असते. मूळव्याधीत लालभडक रक्त शौचानंतर थेंब थेंब पडते, सहसा दुखत नाही. गुदद्वाराशी चीर पडली असेल तर शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखे दुखते आणि थोडे रक्त येते. दोन्हींच्या मागे बद्धकोष्ठ, कुंथणे आणि कमी पाणी पिणे असते. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळी, भरपूर पाणी आणि शौचाची वेळ न टाळणे यांनी पुष्कळ फरक पडतो.

पण लाल रक्त म्हणजे मूळव्याधच, असे रंगावरून ठरत नाही. मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब, तिथला कर्करोग, आतड्याची सूज आणि जंतूंची हगवण यांतही रक्त येते. एकाच माणसाला मूळव्याध आणि कर्करोग दोन्ही असू शकतात. आधी मूळव्याध निघाली होती म्हणून दोन वर्षांनी पडणारे रक्तही तिचेच, असे धरून चालणे धोक्याचे. डॉक्टर बोटाने करतात ती गुदद्वाराची तपासणी एका मिनिटाची असते आणि तिच्यातून बरेच काही कळते. लाज वाटणे स्वाभाविक आहे, विशेषतः आयाबायांना. स्त्री डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे असेल किंवा सोबत घरचे माणूस हवे असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. पण लाजेपायी तपासणी टाळू नये. शर्तिया इलाजाची पाटी लावून न तपासता इंजेक्शन किंवा लेप देणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये.

शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि घाण वासाचे झाले, तर रक्तस्राव वर, जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला होत असण्याची शक्यता असते. अंगदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने खाणाऱ्यांत असा जठरव्रण होतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते आणि बीट खाल्ल्यावर लालसर होते. त्यामुळे डॉक्टरांना काय खाल्ले आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आठवणीने सांगावे.

डोळ्यांना न दिसणारे रक्तही जाते. रोज थोडे थोडे गेले की माणूस पांढरा पडतो, दम लागतो, चालवत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा परभणी शक्ती हा वाण दिला. अशी भाकरी खावीच. पण आतून गळती चालू असेल, तर भाकरी आणि लोहाच्या गोळ्या कितीही घेतल्या तरी भांडे भरत नाही. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत रक्त कमी निघाले, तर ते कुठून जाते हे शोधलेच पाहिजे.

वाट पाहू नका

पुढील गोष्टींत त्याच वेळी दवाखाना गाठावा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

• खूप रक्त किंवा रक्ताच्या गुठळ्या पडणे, रक्त न थांबणे.
• रक्तासोबत चक्कर, घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी.
• डांबरासारखे काळे शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी.
• पोट दगडासारखे कडक होणे, सतत जोराची कळ. किंवा पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद होऊन उलट्या होणे.
• तान्ह्या मुलाचे थांबून थांबून कळवळून रडणे, उलट्या आणि लाल जेलीसारखे शौच.
• रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना रक्त पडणे.

पुढील गोष्टींत काही दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे. सुगी, लग्नसराई किंवा परीक्षा संपण्याची वाट पाहू नये.

• शौचावाटे रक्त पुन्हा पुन्हा येणे, किंवा वयाच्या चाळिशीनंतर पहिल्यांदाच येणे.
• शौचाची रोजची सवय बदलून तीन आठवडे होणे. पोट साफ न झाल्याची भावना सतत राहणे.
• प्रयत्न न करता वजन उतरणे, भूक मरणे, घास गिळताना अडकणे.
• पोटदुखीसोबत संध्याकाळचा ताप किंवा पोटात गाठ लागणे.
• तपासणीत रक्त कमी निघणे.
• आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे. अशांनी तक्रार नसली तरी सल्ला घ्यावा.

दवाखान्यात जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: त्रास कधीपासून, रक्ताचा रंग आणि प्रमाण, वजन किती उतरले, कोणती औषधे चालू आहेत. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. पुढच्या तपासणीसाठी उपजिल्हा रुग्णालये आहेत, परभणीत जिल्हा रुग्णालय आहे आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. खर्चाच्या धास्तीने तपासणीच न करणे, हा पर्याय सर्वांत महाग पडतो. कारण लवकर सापडलेला पॉलिप दुर्बिणीतूनच काढता येतो, लवकर सापडलेल्या क्षयाला गोळ्या पुरतात आणि लवकर सापडलेला आतड्याचा कर्करोगही अनेकदा पूर्ण बरा होतो.

थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला महाराष्ट्रातून लोक जातात. परभणीहूनही जातात. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ कादंबरीमुळे आणि तिच्यावरच्या मालिकेमुळे तिथे गेल्यावर माधवराव आणि रमाबाई हटकून आठवतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा नदीकाठच्या समाधीपाशी थोडे थांबा. तिथून घरी आल्यावर, महिन्याभरापासून जेवण कमी झालेल्या आणि कोणाला काही न सांगणाऱ्या आपल्या घरातल्या माणसाजवळ बसा आणि त्याला दुखते कुठे ते विचारा. उत्तर टाळले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा.